पाटीच्या बिलाला आमदार काय म्हणाले

नवी पेठेतल्या जोतिरामच्या घोंगडीच्या दुकानासमोर पालिकेचा माणूस टेप घेऊन उभा राहिला आणि पाटी मोजून म्हणाला, की ही कापावी लागेल. नवा कायदा आला होता. दुकानाची पाटी दुकानाच्या दारापेक्षा रुंद असता कामा नये. आता जोतिरामचं दार म्हणजे एक माणूस आणि काखेतली एक घोंगडी कशीबशी आत जाईल एवढंच, आणि पाटी मात्र शेजारच्या जिन्यावरून पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. तिच्यावर 'म्हाळसाबाई घोंगडी भांडार' असं लिहिलं होतं. दाराच्या मापात कापायची म्हटली, तर आईचं नाव ठेवल्यावर माल जात होता आणि माल ठेवल्यावर आई जात होती.

अक्षरं बारीक करा, हा सल्ला पेठेतल्या प्रत्येकानं फुकट दिला. पण म्हाळसाबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती स्वतःचं तेवढं नाव वाचायला शिकली होती, आणि रोज सकाळी समोरच्या पायरीवर बसून ते वाचल्याशिवाय चहाला तोंड लावत नव्हती. बारीक अक्षर तिला दिसत नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी दारं मोजली, म्हातारीचे डोळे मोजायला त्यांना सवड कुठली.

म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आपला आमदार तितं व्हय म्हणला का न्हाय म्हणला?"

ज्याला आपण मत दिलं त्यानं आपल्या पाटीबद्दल काय मत दिलं, हे आपल्याला ठाऊक नसावं, याचाच जोतिरामला भयंकर राग आला. त्यानं कॉलेजात जाणाऱ्या पूनमला, आपल्या लेकीला, मोबाइलवर शोधायला बसवलं. तिला विधेयक सापडलं, त्याचा क्रमांक सापडला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातली अठरा डिसेंबर ही तारीख सापडली, आणि पुढे 'संमत' एवढाच शब्द. नावं कुठंच नव्हती. आणखी वाचून पूनमनं सांगितलं, की बहुतेक विधेयकांना तिथं सगळे मिळून ओरडतात. बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि अध्यक्ष आवाजावरून निकाल देतात. कुणी मागणी केली तरच माणसं मोजतात.

"म्हंजी कोन काय वरडलं त्ये कुनीच लिवून ठेवलं न्हाय?"

"नाही, अप्पा."

जोतिराम तापला. देवळाच्या वर्गणीत अकरा रुपये देणाऱ्याचं नाव माईकवरून तीनदा पुकारतात, लग्नात कुणी कुणाला कसला आहेर केला ते बायका नातवंडांना सांगतात, आणि अख्ख्या राज्याचा कायदा करताना कोण काय म्हणालं हे कुणाला माहीत नाही. हा कारभार आहे की पोरांचा खेळ, असं दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारून तो तसाच आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेला.

तिथं शिवराज नावाचा आमदारांचा स्वीय सहायक बसला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "लग्न, मयत, बदली, का दवाखाना?"

साहेबांनी मत काय दिलं ते पाहिजे, असं जोतिराम म्हणाला. मतदान गुप्त असतं, असं शिवराजनं त्याला गोडीत समजावलं. तेव्हा जोतिरामनं टेबलावर हात आपटला. तो पाटीबद्दल बोलला, आईबद्दल बोलला, होय आणि नाहीबद्दल बोलला, आणि बोलता बोलता त्याचा चेहरा लालबुंद झाला, आवाज चिरकला, कपाळावर घाम आला. शिवराजनं पंखा वाढवला आणि पाणी दिलं. हे कार्यालय सुरू झाल्यापासून असला प्रश्न कुणी विचारला नव्हता, तेव्हा विचारणाऱ्याचंच काहीतरी बिनसलं असणार हे उघड होतं. जोतिराम गेल्यावर त्यानं साहेबांना फोन करून कळवलं, की घोंगडीवाले जोतिराम, दवाखाना, डोक्यावर परिणाम वाटतो.

पुढचं सगळं रीतसर झालं. दुपारी एका दवाखान्यातून फोन आला, की साहेबांच्या शब्दाखातर खाट राखून ठेवली आहे. मी ठणठणीत आहे, असं जोतिराम ओरडला. सगळे पेशंट असंच म्हणतात, असं पलीकडची बाई म्हणाली. संध्याकाळी शेजारचा सराफ शहाळं घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडून जोतिरामचे दाजी मल्लप्पा, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जीपभर पाहुणे आणि केळीचा घड घेऊन हजर झाले. जोतिराम जितका चिडे तितके पाहुणे एकमेकांकडे बघत आणि त्याला थोपटून परत आडवा करत.

तिसऱ्या दिवशी खुद्द आमदार अभिमन्यूराव फळांची करंडी घेऊन भेटायला आले. जोतिरामला तेच हवं होतं. त्यानं अंगावरची घोंगडी भिरकावली आणि उठून बसला.

"सायेब, अठरा डिसेंबरला पाटीच्या बिलाला तुमी व्हय म्हणला का न्हाय?"

दाजी मधे पडून माफी मागू लागले, पण आमदारांनी त्यांना थांबवलं. त्यांनी जरा आठवून बघितलं आणि म्हणाले, "काहीच म्हणालो नाही. त्या दिवशी मी सभागृहात नव्हतो."

मग मात्र जोतिरामला जोर चढला. आम्ही उन्हात रांगा लावून मतं द्यायची, यांनी तिकडे खुर्ची रिकामी ठेवायची, आणि पाटी कुणाची जाणार, तर माझ्या आईची. त्यानं सगळ्या पाहुण्यांकडे एकदा बघून घेतलं आणि विचारलं, "मग व्हता कुटं?"

"हितंच की," आमदार म्हणाले. "चंपाषष्ठी होती. तुमच्या पाटीवरचा पडदा ओढत होतो."

जोतिरामच्या घरात सगळं तिथीवर चालायचं, त्यामुळे अठरा डिसेंबर आणि चंपाषष्ठी एकच असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खंडोबाच्या दिवशी पाटी लावायची म्हणून जोतिरामनंच आठवडाभर फोन करून आमदारांचा पिच्छा पुरवला होता. आला नाहीत तर पाटी झाकलेलीच राहील, असंही कळवलं होतं. ते रात्रभर प्रवास करून नागपूरहून आले, पडदा ओढला, पेढा खाल्ला आणि माघारी गेले. पूनमनं मोबाइलवर पंचांग काढून बघितलं आणि वडिलांपुढे धरलं.

"आन असता तर काय म्हणला असता?" जोतिरामनं जरा खालच्या आवाजात विचारलं.

पक्ष सांगेल तेच म्हणालो असतो, हे आमदारांनी कबूल केलं. पण त्याच कायद्यात दुरुस्ती येणार होती. मुंबईच्या अधिवेशनात, पाच मार्चला. आधी लावलेल्या पाट्यांना हात लावू नका, असं मी स्वतः उभा राहून सांगतो, वर मोजणी मागून माझं नाव लिहून घ्यायला लावतो, असा शब्द त्यांनी दिला. म्हाळसाबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जोतिरामला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

तेवढ्यात दाजींनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली. "सायेब, थोरल्या लेकीचं लगीन हाय, पाच मार्चला. तुमी आल्याबिगार अक्षता पडायच्या न्हाईत."

आमदारांनी सवयीनं हात पुढे केला. जोतिरामनं ती पत्रिका वरच्या वर धरली आणि म्हणाला, की दाजी, त्या दिवशी साहेबांना मुंबईत काम आहे.

आता लाल व्हायची पाळी दाजींची होती. "पाटीचा पडदा वढाय सायबास्नी नागपूरवरनं आनलंस," ते म्हणाले, "आन तुज्या भाचीवर अक्षता टाकाय मुंबईवरनं यायचं न्हाय व्हय?"

जीपमधून आलेले सगळे एकदम बोलू लागले. त्यात जोतिरामच्या बाजूचा एकही नव्हता, आणि मोजणी मागायची कुणाला गरज वाटली नाही. जोतिराम पत्रिका हातात धरून आईकडे बघत राहिला.

म्हाळसाबाईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, कपाळाला लावली आणि आमदारांच्या हातात दिली. "लग्नाला या, सायेब. जावयाचा मान हाय," ती म्हणाली, आणि जोतिरामकडे वळली. "आन तू कापनाऱ्याला बोलव, जोत्या. माज्या नावाच्या बाजूनं काप म्हणावं. माल ऱ्हाऊ दे."