मल्लप्पाअण्णांची खाडी

आमच्या शेजारचे मल्लप्पाअण्णा कुणाच्या घरी गेले की दिलेल्या पाण्यात आधी बोट बुडवतात आणि पडद्याचं टोक चोळून बघतात. बोटाला रंग लागला तर घरधन्याकडं असं बघतात, जसा काही तो पडदा चोरीचा आहे. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी नवरीच्या शालूचा पदर असाच चोळला. तिच्या सासरचे अजून विचारतात, ते गृहस्थ कोण होते म्हणून.

तसा त्यांचाही इलाज नाही. चादरींच्या रंगखान्यात उभा जन्म गेला, आणि काम काय, तर धुतल्यावर रंग सुटतो का ते बघायचं. नोकरी संपली, संशय राहिला. दूध असो, चहा असो, माणूस असो, "काय तरी मिसळलंय, अक्का."

बायको गेल्यापासून घरात एकटेच. एकुलती एक मुलगी गौरी कोकणात खाडीवर संशोधन करते. तिचा फोन पंधरवड्यातून एकदा, तोही घाईत. मध्यंतरी तिनं आपलं काम कळावं म्हणून त्यांना दोन बाटल्या धाडल्या, एक भरतीच्या पाण्याची, एक ओहोटीच्या. ओहोटीचं पाणी फिक्या चहासारखं. गौरीनं सांगितलं होतं, खाडीकाठच्या दलदलीत गवत कुजतं, भरतीचं पाणी त्यात मुरतं आणि ओहोटीला त्याचा अर्क घेऊन खाडीत उतरतं. त्या अर्कावर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात, आणि त्यांच्या जिवावर पुढं कोळंबी, मासळी.

"दोनदा गाळलं, रंग जाईना," अण्णा म्हणाले. "विरघळलेला हाय म्हणती. गवताला असला रंग कुटं असतो? वरच्या अंगाला कारखाना असणार. पोरीला फसवायलेत."

"अहो, ती शिकलेली आहे."

"शिकलेल्यालाच फसवत्यात की. अडाणी माणूस आधी चोळून बघतो."

आणि त्यांनी परसात एक टब मांडला. मला काय दिसायचं, तर झाकण घातलेला टब, आंबूस वास, आणि तपकिरी पाण्याचा पेला उजेडात धरून हुंगणारे अण्णा. वेळही रोज वेगळी. आज साडेदहा, उद्या साडेअकराच्या आसपास. कपाळाला भस्म लावणारा माणूस आणि घरात हातभट्टी? मला राहवेना. डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेची मुलगी आली, तिला मीच हळूच म्हटलं, "त्या टबात बघ जरा."

तिनं झाकण काढून बॅटरी मारली. आत चिखल, गवत आणि वळवळणाऱ्या अळ्या. दारूबिरू काही नाही.

"काका, हे ओतावं लागेल."

अण्णा टबापुढं उभे राहिले. "आजची भरती राहिलीय. तेवढं पाणी घालू दे."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी चपलांकडं. शेवटी तिनं टब पालथा केला आणि पुढच्या घरी गेली.

"कुणी सांगितलं असंल हो हिला?" अण्णांनी मला विचारलं. सगळ्या जगावर संशय, आणि नेमका माझ्यावर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, "रंग आला होता का हो?"

"आला की. चौथ्याच दिवशी. पोरगी खरं बोलत हुती."

"मग महिनाभर कशाला चालू ठेवलं?"

एवढ्यात फोन वाजला. फोन ते कधी कानाला लावत नाहीत, त्याच्यावरही संशय. त्यामुळं गौरी मलाही ऐकू आली.

"अप्पा, आज भरती सव्वाबाराला, ओहोटी साडेसहाला. टब कसा आहे?"

भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. ती सांगायला टब मांडल्यापासून गौरीचा फोन रोज येत होता, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

अण्णांनी पालथ्या टबाकडं बघितलं.

"झकास हाय," ते म्हणाले. "लई रंग सुटायलाय."

"उद्याची वेळ पण आत्ताच सांगून ठेवू का?"

"नको. उद्याची उद्या सांग."