चाळीस जणींची साक्ष

चौऱ्याहत्तर हिवाळे काढले मी कॅनडातल्या विनिपेगमध्ये. पण गाडी नुसती उभी केली म्हणून कोणा खाजगी माणसाला मी छदाम दिलेला नाही, आणि देणारही नाही! शेतात लावली, गोठलेल्या तळ्यावर लावली, एकदा तर सासऱ्याच्या कोबीच्या वाफ्यात लावली. तिथंही फक्त शिव्या पडल्या, पावती कोणी फाडली नाही.

आणि आता ही नोटीस! आमच्या चर्चशेजारच्या गालिच्यांच्या दुकानाची मोकळी जागा. तीस वर्षं आम्ही सगळे तिथंच गाड्या लावतो. दुकान बंद पडलं, जागा एका पार्किंग कंपनीनं घेतली आणि खांबावर कॅमेरा चढला. ‘तुमची पिकअप सकाळी नऊ पाचला आत आली, दुपारी एक पन्नासला बाहेर पडली. मर्यादा दोन तास. पंच्याऐंशी डॉलर भरा.’

“भरून टाक, म्हाताऱ्या,” स्लावका म्हणाली. स्लावका म्हणजे माझी बायको.

“भरू? मी? लढणार!”

“मागच्या वेळी टेलिफोन कंपनीशी लढलास. चार महिने फोन बंद होता.”

“पण पाचव्या महिन्यात वठणीवर आले ना!”

पहिलं पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं. चार ओळींना तीन कप कॉफी लागली. ‘तुमची पाटी बर्फाखाली होती. बर्फ मला वाचता येत नाही.’

कंपनीनं पाटीचा फोटो पाठवला. चकचकीत पाटी, खाली गुलाबी फुलं!

मी लिहिलं, ‘विनिपेगला जानेवारीत फूल दाखवा, दुप्पट दंड भरतो!’ उत्तर आलं, ‘नियम सर्व ऋतूंना लागू आहेत.’

मग माझं डोकं फिरलं. जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून मी गरजलो, “अरे, गाडी तिथं नव्हतीच मुळी! दहाला मी बाहेर पडलो, सव्वा वाजता परत आलो! मधलं जाणं-येणं कॅमेऱ्याला दिसलंच नाही! बर्फ काढणारा ट्रॅक्टर आडवा उभा होता!”

स्लावकानं चमचा खाली ठेवला.

“दहाला बाहेर पडलास? शुक्रवारी?”

अरे देवा!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दर शुक्रवारी आमच्या हिरव्या घुमटाच्या चर्चच्या तळघरात पेरोग्या विकतात. करंजीसारख्याच, आत बटाटा आणि चीज, उकडलेल्या. चाळीस बायका कडा चिमटतात आणि त्यांची सेनापती आमची स्लावका. माझं काम मागच्या खोलीत बटाटे सोलायचं. पोती आत टाकली की मी ते काम माझ्या दोस्ताच्या, नेस्तोरच्या गळ्यात मारतो (त्याला मोबदल्यात एक बिअर मिळते) आणि मागच्या दारानं सटकतो. कुठं? तर नदीपलीकडं. सोनेरी घुमटाच्या चर्चमध्ये. त्यांच्या पेरोग्या खायला!

आमच्याकडं जावई दुसऱ्या देशाचा चालतो, दुसऱ्या धर्माचाही चालतो. पण दुसऱ्या चर्चच्या पेरोग्या? त्याला क्षमा नाही!

“म्हणजे... तसं लिहीन म्हणतो,” मी सावरलं. “थाप मारायची गं त्यांना!”

“थाप?” स्लावका ताडकन उठली. “चर्चच्या कामाला उभ्या असलेल्या गाडीसाठी थाप? लाज वाटत नाही? खरं सांगायचं! मी बघते आता त्या कंपनीकडं!”

लढाई माझी होती, पण ती तोफखाना घेऊन उतरली. पुढच्या शुक्रवारी तिनं तळघरात कागद फिरवला. ‘वासिल नऊपासून दोनपर्यंत आमच्या डोळ्यांसमोर बटाटे सोलत होता. जागेवरून हललासुद्धा नाही.’ चाळीस सह्या! काहींवर पिठाचे अंगठे. नेस्तोरनंही डोळा मारून सही ठोकली. वर फादरचा शिक्का!

“आता बघू कसे दंड घेतात एका पुण्यवान माणसाकडून!” स्लावका म्हणाली आणि कागद पोस्टात टाकून आली.

कंपनीनं समक्ष बोलावलं. ऑफिस एका मॉलमध्ये, चपलांच्या दुकानाच्या वर. स्लावकानं इस्टरची भरतकाम केलेली शाल पांघरली होती. काउंटरमागं तिशीतली एक बाई, छातीवर नाव लारिसा. तिनं आमचा कागद दोन्ही हातांनी उचलला.

“चाळीस साक्षीदार! दहा वर्षांत एवढे कोणी आणले नव्हते.”

“बघ!” स्लावका मला म्हणाली.

“चाळीस जणी सांगताहेत की गाडीवाले पाच तास जागचे हलले नाहीत. आमचंही तेच म्हणणं आहे. पंच्याऐंशी डॉलर, आजोबा.”

स्लावकानं कागद तिच्या हातातून ओढून पुन्हा वाचला.

माझ्या पाकिटात एक चिठ्ठी होती. सोनेरी घुमटाची पावती, त्याच शुक्रवारची, अकरा वीसची. एक डझन, कांदा जादा. ती काउंटरवर टाकली की कंपनी चीत! पण शेजारी स्लावका उभी. पन्नास वर्षांचा संसार, आणि वाढण्याचा डाव तिच्याच हातात! मी मनाशी म्हटलं, वासिल, गप पैसे भर. मी नोटा काढल्या.

तेवढ्यात लारिसा हसली. “बरं केलंत. नाहीतर सगळे तेच सांगतात, मध्ये बाहेर गेलो होतो म्हणून. थापाडे मेले!”

थापाडा? मी? या बाबतीत तरी नाही! माझ्या हातानं मला विचारलंच नाही. पावती फाडकन काउंटरवर!

“घ्या! अकरा वीसला मी नदीपलीकडं होतो!”

लारिसानं पावती वाचली, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि टाळी वाजवली.

“अगंबाई! जादा कांदावाले आजोबा! माझी आजी वाढते ना तिथं! दर शुक्रवारी तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवते!”

दर शुक्रवारी. बाई, एवढं खरं बोलायची गरज होती का?

दंड रद्द झाला. तसा शिक्काही मिळाला. जिंकलो! जिना उतरताना माझे पाय मात्र हरलेल्या माणसाचे होते.

गाडीत स्लावकानं शालीची घडी घालून मांडीवर ठेवली. मॉल गेला, सिग्नल गेले, पूल आला. पुलाच्या मध्यावर तिनं विचारलं,

“त्या कांदा कशात परततात?”

“डुकराच्या चरबीत,” मी पुटपुटलो. “मंद आचेवर. तासभर.”

“आणि आम्ही तेलात.” तिनं नाक उडवलं. “सटव्या! मला वाटलंच होतं!”

पुढच्या शुक्रवारी आमच्या तळघरात चरबी आली. आता रांग दाराबाहेर जाते. उणे तीसमध्येही लोक उभे राहतात. परवा रांगेत लारिसाची आजीसुद्धा दिसली, गॉगल लावून!

आणि काल नवी नोटीस आली. ‘आत आठ पन्नास. बाहेर तीन दहा.’

कागद-पेन घेऊन बसलो. तीन कप कॉफी झाली, एक ओळ सुचली नाही. यावेळी कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तासातासाला कांदा परतायला मी तळघरातच होतो, स्लावकाच्या नजरेखाली, जागचा हललोसुद्धा नाही. चाळीस जणी साक्षीला आहेत.

पंच्याऐंशी डॉलर निमूटपणे भरले.