पाचवा वाटा

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. बर्मिंगहॅमबाहेर टॉमच्या फार्मवरची थंड खोली. टेबलावर हाडं काढलेलं हरणाचं मटण, बारा किलो आठशे ग्रॅम. हजर: शिकार करणारे जगदाळे काका, शेताचा मालक टॉम, टॉमची कुत्री बेस आणि वजनकाटा घेऊन मी. मी शाकाहारी आहे. तरी त्यात एक वाटा माझा होता, कारण गाडी माझी होती.

जगदाळे काका माझे शेजारी. हॉस्पिटलातल्या लिफ्ट आणि बॉयलर सांभाळून रिटायर झाले. मूळचे पाटणकडचे. तिकडे लहानपणी पाहिलेला वाटे घालायचा नियम त्यांनी इथे जसाच्या तसा चालवलाय. शिकारीला जो आला त्याचा वाटा, कुत्र्यासकट, आणि सगळे वाटे सारखे. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "अहो काका, मी खात नाही."

"खाणं हा तुमचा प्रश्न, सबनीस. वाटा हा तुमचा हक्क."

तेव्हापासून माझा हक्क मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला नेऊन देतो.

काकांचा सीझन सप्टेंबरात दुकानात सुरू होतो. नवं जॅकेट घेताना ते माझ्या कानाशी बाही घासतात. "हे बोलतंय. हरणाशी गप्पा मारायला जायचंय का?" यंदा सतरा जॅकेटं बोलली. अठरावं गप्प होतं, पण त्याचा रंग काकांना आवडला नाही. घरी येऊन त्यांनी जुन्यालाच ठिगळ लावलं.

ऑक्टोबरभर शिकारीचे कपडे बागेत दोरीवर, पावसात. साबणाचा वास जायला हवा ना. पलीकडच्या बाई दोनदा सांगून गेल्या की तुमचे कपडे आत घ्यायचे राहिलेत. शेवटचे दहा दिवस लसूण बंद. काकांची, आणि गाडीत त्यांच्या शेजारी बसणार म्हणून माझीही.

टॉमचा कोवळा गहू हरणं फस्त करतात, म्हणून तो काकांना बोलावतो. आदल्या शनिवारी एकच बार झाला. मी गाडीतून उतरून पोचलो तेव्हा काका टोपी काढून हरणीजवळ उभे होते. मग बाह्या सरसावून त्यांनी अकरा मिनिटांत तिचं पोट साफ केलं, आणि आठवडाभर ती थंड खोलीत टांगली.

वाटे घालताना काका काटा वापरत नाहीत. डोळ्यांनी ढीग करतात, मग मी वजन करतो. सहा वर्षांत दोन ढिगांत दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक मला सापडलेला नाही, आणि मी शोधलाय.

ढीग मात्र दरवर्षी पाच. काका, टॉम, बेस, मी आणि निखिल.

निखिल काकांचा मुलगा, इल्फर्डला शाळेत शिकवतो. बाराव्या वर्षी एकदाच शिकारीला आला आणि त्या दिवसापासून त्यानं मटण सोडलं. एकोणिसाव्या वर्षी बापलेकांचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. तेव्हापासून तो ख्रिसमसला येतो, नोव्हेंबरात कधीच नाही. "एकदा आला ना? मग नाव कटत नाही," असं म्हणून काका त्याचा वाटा वर्षभर फ्रीझरमध्ये ठेवतात. पुढच्या नोव्हेंबरात तो बेसला मिळतो.

यंदा गाडीत काका म्हणाले, "गुडघा संपला, सबनीस. हा शेवटचा सीझन. कुणाला सांगू नका." मी फक्त निखिलला सांगितलं.

पावणेअकराला तो दारात उभा राहिला. हातात कूल बॅग.

"बाबा, मी अजून खात नाही."

"माहितेय."

"But माझा share मी नेणार. आधीचे सगळे कुठे गेले?"

"बेसनं खाल्ले."

"All of them?"

"बघ की तिच्याकडे."

निखिलनं पाहिलं. बेस धापा टाकत आडवी पडली होती. टॉमला मराठी येत नाही, तरी तो हसला.

काकांनी ढीग घातले, मी वजन केलं. दोन किलो पाचशे. दोन किलो पाचशे पाच. दोन किलो चारशे पंच्याण्णव. दोन किलो पाचशे. उजव्या टोकाचा पाचवा, दोन किलो आठशे.

मी पुन्हा ठेवून पाहिला. तेवढाच.

"तुमचा काटा बिघडलाय," काका सुरीकडे बघत म्हणाले.

बॅटरी मी सकाळीच बदलली होती. "बॅटरी असेल," मी म्हणालो.

मग चिठ्ठीविना सोडत. ते काम माझं. मी ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, काका डावीकडून एकेका ढिगावर हात ठेवतात, आणि कुठला ढीग ते न बघता मी नाव घेतो. म्हणजे कुणी कुणावर मेहेरबानी करू शकत नाही.

"हा कुणाचा?"

"टॉम."

"हा?"

"बेस."

"हा?"

"माझा."

"आणि हा?"

"तुमचा, काका."

पाचव्याला त्यांनी विचारलंच नाही. मी वळलो तेव्हा ते तो कागदात बांधत होते, दोऱ्याला तीन गाठी मारून.

"खाणार कोण पण?" त्यांनी विचारलं.

"बघीन कोणीतरी. सबनीस काकांसारखं."

एकूण बारा किलो आठशे ग्रॅम, शिल्लक काही नाही. पाचवा वाटा, दोन किलो आठशे, निखिल जगदाळे यांस हातोहात दिला.