पाच कोनांचं कडं आणि बाईंची कंबर

मास्तरांची बायको ओट्याशी वाकली ती सरळच होईना, आणि घरातली भांडी मास्तरांच्या गळ्यात पडली. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला करपलेली कढई घासता येत नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं.

एरवी बाईंच्या कंबरदुखीचा मास्तरांना उपयोगच व्हायचा. लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. बाई "एकदा भेटून येते" म्हणाल्या की ते जिन्याकडे बोट दाखवत. "चार मजले उतरशील? आधी कंबर बघ." लेकीला मूल झालं तेव्हाही विषय असाच संपला. बाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या.

पण आता प्रश्न कढईचा होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेष्टन वाचून मास्तरांच्या अंगात वर्ग संचारला.

"पायराझोल! मानवनिर्मित! पाच कोनांचं कडं, शेजारीशेजारी दोन नायट्रोजन. दुखऱ्या जागी एक एन्झाइम नसांना चिडवणारं रसायन बनवतं. गोळी त्याच्या खाचेत जाऊन बसते. रसायन बंद, नसा गप्प!"

"म्हणजे कंबर बरी होते?"

"छे! कारण तिथंच राहतं. फक्त दुखत नाही."

"मग कारणाचं काय करायचं?"

"ते आपलं आपण बघायचं," म्हणत मास्तरांनी कढई बाईंकडे सरकवली.

गोळी लागू पडली. बाईंनी कढई लख्ख घासली, खिडक्या पुसल्या, माळ्यावरची बॅग खाली काढली. मास्तर शेजाऱ्याला पाच कोन समजावत होते. बॅग कशाला, हे विचारायला त्यांना सवड नव्हती.

सकाळी ते अंघोळ करून आले तर घरात कोणी नाही. खिडकीतून पाहिलं, बाई बॅग घेऊन ताठ कमरेने रस्ता ओलांडत होत्या. मास्तर ओल्या पायांनी जिन्याकडे धावले आणि पहिल्याच पायरीवर पाठीवर आपटले. शेजाऱ्याने उचलून कॉटवर टाकलं आणि तो कामाला गेला.

संध्याकाळी कण्हत कण्हत त्यांनी लेकीला पहिल्यांदाच फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं.

"आई पोचली का? गोळ्या कुठे ठेवल्यात, विचार तिला."

जरा कुजबुज झाली.

"बाबा, ओट्यावर आहेत. तुमच्यासाठीच ठेवल्यात. आईला आता लागणार नाहीत म्हणते."

"असं कसं? कारण तिथंच राहतं, सांगितलं होतं मी!"

"तेच म्हणतेय ती. कारण तिथंच राहिलंय. ठेवते हं, बाळ रडतंय."

मास्तरांनी मान वळवली. गोळ्यांचं पाकीट ओट्यावरच्या लख्ख कढईतून डोकावत होतं, आणि कॉटवरून ओटा फार लांब होता.