बाबांना चितपट करणारा मुद्दा

मैथिलीचं पहिलं बक्षीस मी मनातल्या मनात घेऊनही टाकलं होतं! शोकेसमधला काचेचा हत्ती हलवून ढालीसाठी जागासुद्धा केली होती. पाचवीच्या गटाचा वादविवाद. विषय, ‘देशाच्या सुरक्षेसाठी सीमेपलीकडे सैन्य पाठवावे’. आमची बाजू अनुकूल. आणि तयारी करून घेणारी मी, राज्यशास्त्राची एम. ए.! पोरीला साधी शिंक आली तरी चार कारणं शोधणारी बाई मी. विरोधकांच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर तयार होतं.

सरावाला विरोधकही घरचाच. माझा नवरा राजस, फौजेत हवालदार, सुट्टीवर शिवाजी पेठेत आलेला. नियम त्यानंच केला. हरेल त्यानं कुस्तीतल्यासारखी पाठ टेकायची!

“पण जवानाच्या घरच्यांचं काय?” राजसनं विचारलं.

“देश आधी, घर नंतर! सैन्य आजच पाठवा!” मैथिलीनं माझं वाक्य तोफेसारखं डागलं.

“पटलं बाई!” राजस धपकन फरशीवर उताणा. ती त्याच्या छातीवर. सासूबाईंनी परातीवर लाटणं बडवून हलगी केली, “चितपट!”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुट्टी रद्द. आजच निघा.

राजस बूट घालत होता. मैथिलीनं हळूच विचारलं, “मी जिंकले म्हणून?”

“व्हय की! तुझ्यापुढं कोण टिकतंय?” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. पोरीला हसवायला हो! ती हसली नाही. एरवी डोळ्यांत तेल घालून बघणारी मी, तेव्हा चटणी-भाकरी बांधत होते.

स्पर्धेत पहिली दोन वाक्यं दणक्यात झाली. तिसरं मी खुर्चीतून ओठांनी म्हणतेय, तर मैथिली गप्प! तिनं माईक बाजूला सारला, फ्रॉक नीट केला आणि स्टेजवर सावकाश उताणी झोपली.

“चक्कर आली!”

“कांदा फोडा रे!”

“कांदा कुठला आणू? चप्पल हुंगवा!”

परीक्षक गुणपत्रिकेनं वारा घालू लागले. मैथिलीच्या वर्गशिक्षिका अनुजाबाईंनी तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर ओतलं. मैथिली हलेना! वेणी निथळतेय, डोळे टक्क उघडे.

मी धापा टाकत पोचले. “बाळा, काय होतंय?”

“आई, दोन्ही खांदे टेकलेत का बघ ना,” ती कुजबुजली. “मी हरले. आता बाबांना सोडतील ना?”

मी पदरानं तिची वेणी टिपायला घेतली.

उत्तेजनार्थ प्लास्टिकचा डबा मिळाला. घरी आल्यावर मैथिली पुन्हा आडवी झाली, बाबा जिथं पडला होता तिथंच. “स्टेजवर सतरंजी होती. म्हणून हरणं धरलं नसेल.”

मी तिच्या शेजारी पाठ टेकली. दोन्ही खांदे.

सासूबाई तांब्या घेऊन धावल्या. “आगं बया! आता तुला कशानं चक्कर आली?”

“ओता,” म्हटलं. तोंड ओलं असायला तेवढंच कारण!