गाडीने मोठा आ केला

"एका बैठकीत! एका बैठकीत ही गाडी आतून-बाहेरून लखलखीत नाही केली ना, तर दवाखान्यावरची पाटी उतरवून ठेवीन!"

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात उभं राहून डॉक्टरांनी ही गर्जना केली, तेव्हा ती ऐकायला पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतले काका सोडून चिटपाखरू नव्हतं. काकांनी पेपरातून मान वर काढली.

"पाटी नका हो उतरवू डॉक्टर. तुम्ही एक खिळा काढाल आणि जेवायला जाल. लोंबकळत राहील ती, आणि कुणाच्या तरी टाळक्यात बसेल!"

आता हे कुणालाही झोंबलं असतं. डॉक्टरांनाही झोंबलं. पण खोटं म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर दातांचे. हात एवढा हलका, की माणूस रडत येतो आणि हसत जातो. पण दातांची कामं सिटिंगमध्ये होतात. आज कोरायचं, औषध भरायचं, पुढच्या आठवड्यात पुढचं. दवाखान्यात ही पद्धत शोभते, कारण तिथे पुढच्या सिटिंगला पेशंट गाल धरून आपल्या पायांनी हजर होतो. घरातला नळ असा गाल धरून येत नाही! बेसिनच्या नळाचं पहिलं सिटिंग झालं तेव्हा त्याला चिंधी बांधली गेली. मुलगी शिकायला परगावी गेली, तरी ती चिंधी आहे तिथेच आहे. बैठकीच्या खोलीला रंग दिलाय, पण स्टुलावर चढून डॉक्टरांचा हात जिथवर पोचला तिथवरच. वरची पट्टी जुनी. पाहुणे विचारतात, "डिझाइन आहे का हो?"

डॉक्टरांची बायको शाळेत मुख्याध्यापिका. हाती घेतलं की तडीस नेणारी बाई. या अर्धवट कामांवरून तिने वर्षानुवर्षं नवऱ्याला धारेवर धरलं. तो आवाज डॉक्टरांना घड्याळाच्या टिकटिकीसारखा सवयीचा झाला होता. ती बोलायची, ते "हो हो" म्हणायचे, संसार चालायचा.

आणि मग मागच्या आठवड्यात ती बहिणीकडे निघाली. डॉक्टर तिला गाडीतून स्टँडवर सोडायला गेले. गाडी म्हणजे काय सांगावं! पायाशी वाळू, काचेला आतून धुरकट थर, दाराच्या कप्प्यात कधीतरी सांडलेलं सरबत. उतरताना नेमकं ते चिकट सरबत तिच्या कोऱ्या कपड्यांना लागलं. डॉक्टरांनी खांदे वर घेतले, मान खाली घातली, आणि भडिमाराची वाट पाहिली.

ती काहीच बोलली नाही. रुमालाने डाग टिपला, म्हणाली, "असू दे," आणि बसमध्ये जाऊन बसली.

असू दे! या दोन शब्दांनी डॉक्टरांची झोप उडवली. कारण दुसरं काही नाही, तरी दाढ त्यांना कळते. ठणकणारी दाढ घेऊन येणाऱ्या माणसाची त्यांना काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती, "डॉक्टर, दुखायची थांबली आपोआप," असं हसत सांगणाऱ्याची. ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते. माणूस तक्रार करतो तोवर त्याला आशा असते, समोरचा कधीतरी सुधारेल म्हणून. बायकोनेही आशा सोडली की काय? ती रविवारी संध्याकाळी पोचणाऱ्या बसने परत येणार होती. तिला आणायला जायचं ते चकचकीत गाडीतून, आणि त्या गाडीत एकही गोष्ट 'नंतर बघू' म्हणून राहिलेली नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

काम सुरू झालं ते दवाखान्याच्या शिस्तीत. तोंडाला मास्क, हातांत रबरी हातमोजे, कपाळाला दिवा. आणि डॉक्टर सवयीने गाडीला म्हणाले, "हं, मोठा आ करा!" चारही दारं सताड उघडली. डिकी उघडली. बॉनेट उघडलं. शिवाय पेशंटला भीती वाटू नये म्हणून दवाखान्यात मंद गाणी लावायची त्यांची पद्धत, म्हणून गाडीतली गाणीही लावली.

"गाडी घाबरलीय का?" वरून काका.

डॉक्टर कामात बुडाले होते.

आणि खरं सांगायचं तर, काम त्यांना गोड लागू लागलं. आधी छतापासून खाली पाण्याची धार, मग साबणाचा फेस, मग फडकं. फेस उतरला तशी गाडी मूळची करडी नसून निळी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं! मग पत्र्यात रुतलेले कण उचलायचा मातीसारखा मऊ गोळा त्यांनी ओल्या पत्र्यावरून फिरवला. आधी खरखर लागायची. फिरवता फिरवता ती खरखर थांबायची, आणि बोट असं सुळकन पुढे जायचं की पुन्हा पुन्हा फिरवावंसं वाटायचं. दवाखान्यात माणसाचं तोंड किती वेळ उघडं ठेवणार? तिथे नेहमी घाई. इथे घाई कुणाला होती! एसीच्या जाळीतली धूळ त्यांनी दात कोरायच्या आकड्याने काढली. सीटखालचा कोपरा तोंडात घालायच्या चिमुकल्या आरशाने तपासला. पाठ भरून आली, गुडघे बोलू लागले, तरी उठावंसं वाटेना.

सीटखालून सगळा संसार बाहेर आला. मुलीच्या रंगपेटीतला तुटका खडू. बायकोचे केसांचे चाप, एवढे, की ती दर महिन्याला नवे का आणते ते आज कळलं. एका पेशंटच्या दातांचा प्लास्टरचा ठसा! हा ठसा हरवला म्हणून त्या भल्या माणसाला दुसऱ्यांदा तोंडात ठसा घ्यायचा लगदा धरून बसायला लागलं होतं. डॉक्टर त्या ठशाकडे पाहत तिथेच पायरीवर टेकले. केवढी माणसं आपली वाट पाहत बसतात, आणि आपण त्यांना पुढची तारीख देतो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग ते उठले आणि दुप्पट जोराने घासू लागले.

दुपारी ते स्टिअरिंगखालच्या बोळकांडीत शिरले. म्हणजे डोकं पेडलपाशी, धड सीटवर आडवं, पाय दाराबाहेर. व्हॅक्यूम क्लीनर कानाशी गुरगुरत होता. नेमके तेव्हा काका झोपून उठून गॅलरीत आले.

"डॉक्टर, चहा घेणार का?"

उत्तर नाही.

"डॉक्टर! अहो डॉक्टर!"

पाय हलेनात. काकांचा चेहरा उतरला. माणूस सकाळपासून उन्हात, पोटात अन्न नाही, वय काही कमी नाही! काकांचे स्वतःचे गुडघे असे की जिना उतरायला अर्धा तास. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, तो बादलीशेजारी फडक्यांखाली वाजून वाजून गप्प झाला. मग त्यांनी सरळ सूनबाईंना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला लावला.

"सूनबाई, घाबरू नका, पण डॉक्टर गाडीत आडवे झालेत. पाय बाहेर आहेत. हाक मारतोय, ओ देत नाहीत."

एवढं सांगून काका जिन्याकडे धावले. धावले म्हणजे निघाले. ते खाली पोचेपर्यंत व्हॅक्यूम बंद झाला होता, डॉक्टर बाहेर आले होते, आणि उन्हात झळाळणाऱ्या गाडीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे होते.

काम पूर्ण झालं होतं! कोपरा न कोपरा, फट न फट. वरचं मेण एवढं गुळगुळीत, की आकाश त्यात उतरलं होतं. डॉक्टरांनी दारं एकेक करून लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घरचं एक काम संपवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांचे डोळे भरून आले.

मग ते आत बसले. किल्ली फिरवली.

"टिक."

पुन्हा फिरवली. "टिक."

दिवसभर दारं उघडी, म्हणजे दिवसभर आतले दिवे चालू. त्यात गाणी! बॅटरी ठार झाली होती.

"मोठा आ करायला लावलात," काका म्हणाले, "मिटायचं सांगायला विसरलात! पण बरे आहात ना? मला वाटलं कोसळलात. मी तर सूनबाईंना फोनही केला."

"काय?" डॉक्टर ओरडले. "काय सांगितलंत तिला?"

काकांनी सांगितलं.

"आणि मी ठीक आहे, हे कधी सांगितलंत?"

"ते... म्हटलं, तुम्ही सांगालच."

"अहो, असं अर्धंच काम करतात का कुणी!" डॉक्टर गरजले. हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकलं, म्हटलं कधीच नव्हतं, हे जाणवून ते एक क्षण स्वतःच दचकले. मग त्यांनी फडक्यांखालून फोन शोधला. बायकोचे न घेतलेले कॉल ओळीने उभे होते. उलट लावला, तर तिचा फोन बंद.

"आज सगळ्यांच्याच बॅटऱ्या बसल्या," काका म्हणाले, पण हळू.

आता डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती एकटी बसमध्ये, नवरा आडवा झाल्याची बातमी घेऊन बसलेली! काहीही करून स्टँड गाठायचा होता. त्यांनी जिन्यात उभं राहून आरोळी ठोकली. सगळी इमारत खाली आली. पण माणसं गाडीला हात लावणार, तोच डॉक्टर आडवे आले.

"थांबा! बोटं उठतील!"

डिकीत हातमोज्यांचा अख्खा खोका होता. एवढ्या घाईतही त्यांनी तो फोडला आणि प्रत्येकाला जोडी दिली. काकांनी मास्कही मागून घेतला. म्हणाले, सगळं कसं रीतसर.

डॉक्टर स्टिअरिंगवर बसले. मागे दहा-बारा माणसं, हातांत पांढरे रबरी मोजे. "एक, दोन, तीन!" सगळ्यांनी जोर लावला, आणि मेणावरून सगळ्यांचे हात सरकन घसरले! तळमजल्यावरचा व्यायामपटू डिकीवर पालथा पडला. काका काचेवर गाल घासत घासत खाली आले. मास्क होता म्हणून वाचले.

"डॉक्टर, एवढी तुळतुळीत का केलीत हो!"

"पुन्हा! खालून धरा, बंपरला!"

गाडी हलली. फाटकातून बाहेर पडून मुंगीच्या पावलांनी गल्लीला लागली. मागे सगळे घामाघूम, मान खाली, तोंडातून शब्द नाही. आणि त्याच वेळी समोरच्या वळणावर एक टॅक्सी येऊन थांबली.

बसमध्ये धीर न धरवून डॉक्टरांची बायको मधल्याच थांब्यावर उतरली होती आणि टॅक्सी पकडून आली होती. तिने काय पाहिलं? आपली गाडी. तिच्यामागे अख्खी इमारत, हातांत दवाखान्याचे मोजे, सगळे मुकाट्याने, हळूहळू चाललेले! आणि काका तोंडावर मास्क लावून डोळे पुसताहेत. ते घाम पुसत होते, पण तिला काय माहीत?

ती धावत आली आणि तिने दार ओढलं.

आत कपाळाला दिवा लावून डॉक्टर बसले होते. "अगं, तू? मी तुलाच आणायला निघालो होतो!"

ती बघतच राहिली.

आणि मग ती सुटली!

"निघाला होतात? असे? माणसाला फोन उचलता येत नाही? पाय बाहेर टाकून झोपायची ही जागा आहे? सगळ्या बसने मला पाणी पाजलं, माहीत आहे? गाडी धुवायची तर धुवावी, चालती तरी ठेवावी! तो नळ! ती चिंधी! मी मेले तरी ती चिंधी तिथेच असेल! आणि भिंतीचा वरचा पट्टा काय मी शिडी लावून रंगवू? अहो, ऐकताय का? मला वाटलं... मला वाटलं की..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. हाती घेतलेलं कधी अर्धं न सोडणारी ती बाई, पण एवढं एक वाक्य तिला पुरं करता आलं नाही. तिने तोंड फिरवलं.

डॉक्टर उतरून तिच्याशेजारी उभे राहिले. एवढी बोलणी खाऊन इतकं बरं वाटलेला माणूस त्या गल्लीने पाहिला नसेल.

"बॅग कुठे आहे तुझी?" शेवटी त्यांनी विचारलं.

तिने कपाळावर हात मारला. "बसमध्येच राहिली!"

टॅक्सी तोवर निघून गेली होती. तिने एकदा रिकाम्या गल्लीकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि बाह्या वर सारून गाडीच्या मागे गेली. "बसा आत! मी लावते जोर. आणि ते मोजे काढा सगळ्यांनी, काय सोंगं काढलीयेत!"

उघडे हात निळ्या पत्र्यावर टेकले. डॉक्टरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ते मिटून घेतलं. गाडी पळू लागली, गिअर पडला, आचका बसला, आणि इंजिन धडधडलं! गल्लीने टाळ्या वाजवल्या. ती धावत येऊन शेजारी बसली.

स्टँडपर्यंतचा रस्ता फार नव्हता, पण तिने तो पुरेपूर वापरला. "सीटला काय तेल चोपडलंय का? वळणावर घसरतेय मी! आणि हा वास कसला, दवाखान्यासारखा?" मध्येच तिचा हात दाराच्या कप्प्यात गेला. तिने बोट तळापर्यंत फिरवलं, कोपऱ्यात फिरवलं, बाहेर काढून निरखलं. बोट कोरडं होतं. मग म्हणाली, "बरी पुसलीत," आणि लगेच, "समोर बघा, ट्रक आहे!"

बस स्टँडवर नुकतीच लागली होती, बॅग जागेवर होती. डॉक्टरांनी गाडी बसशेजारी ऐटीत उभी केली, बायकोकडे पाहून आयुष्यात प्रथमच छाती फुगवून हसले, आणि आणखी एक काम यशस्वी झाल्याच्या आनंदात किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

ती बॅग घेऊन आली तेव्हा "टिक, टिक" चाललं होतं. तिने बॅग मागच्या सीटवर टाकली आणि ड्रायव्हरचं दार उघडलं.

"उतरा," ती म्हणाली. "आता मी बसते. ढकला तुम्ही!"