तारवाले देवरावभाऊ

देवरावभाऊंच्या घरी गेलात की चप्पल दाराबाहेर काढायची. त्यात नवल नाही. पण बैठकीत पाऊल टाकल्यावर समोर बोटाएवढी जाड, चकचकीत विणीची एक तार दिसते. ती जमिनीवर टेकलेली नसते, तर ओळीनं पालथ्या घातलेल्या पणत्यांवर झोपलेली असते. तिला ओलांडायचं नाही. भिंतीकडून वळसा घालून जायचं आणि मग खुर्चीवर बसायचं. त्यांचे सख्खे मामा एकदा धोतर सावरत सरळ तारेवरून गेले, तेव्हा देवरावभाऊ आतून ओरडले होते, "अहो मामाजी, आवाजावर पाय देऊन राह्यले ना तुमी!"

मामाजी घाबरून परत मागे आले. म्हणजे दोनदा ओलांडली.

मी कारंज्याला शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं घर आणि देवरावभाऊंचं घर यांच्यात एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांचा छंद मला फुकटात ऐकायला मिळतो. माणूस तसा शेतकरी. गावाबाहेर मळा, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन तळेगावला जातात. पण तुम्ही त्यांना भाजीचा भाव विचारला तर एका शब्दात सांगतील आणि तारेबद्दल विचारलं तर बसायला पाट देतील.

याची सुरुवात त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं केली. त्यानं घर बदलताना जुना अॅम्प्लिफायर आणि दोन उंच स्पीकर काकाकडे पाठवले. तोपर्यंत देवरावभाऊंना आपल्या कानांचा अभिमान होताच. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून ते त्याचा पट्टा ढिला आहे की नाही हे सांगत. खरं की खोटं हे ट्रक थांबवून कोण पाहणार? मळ्यातली मोटर हवा ओढायला लागली की त्यांना म्हणे बांधावरूनच कळायचं. त्यामुळे स्पीकर घरात आल्यावर या कानांना जणू नोकरी लागली.

"कानाले विचारा सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठल्याही वादात शेवटी ते याच कोर्टात जात.

मग अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडायच्या भारी तारा येऊ लागल्या. कुरियरवाला खोकं घेऊन आला की देवरावभाऊ हात धुऊन, पुसून ते उघडत. आत सोनाराच्या दुकानात असते तशी मखमल. त्यात गुंडाळलेली तार. त्या पैशात मळ्यावर नवी मोटर बसली असती. नवी तार आली की ती आठवडाभर हार्मोनियम ऐकवून 'मुरवायची'. "नवा बैल एकदम औताले लावता का तुमी? तसंच हाय हे," असं ते मला समजावत. माझ्याकडे बैल नसल्यामुळे मी गप्प बसे.

पण गप्प तरी किती बसणार? मी वर्गात मुलांना वीजवहन शिकवणारा माणूस. एकदा म्हणालो, "देवरावभाऊ, इतक्या छोट्या अंतरात पुरेशी जाड तांब्याची कुठलीही तार सारखीच वाजेल. आवाज बदलायचा असेल तर स्पीकर बदला, खोलीत जाड पडदे लावा. तारेत काही नाही."

"तुमी पुस्तकातून बोलून राह्यले."

"बरं, मग परीक्षा घेऊ. तुमचे डोळे बांधतो. एकदा तुमची तार लावतो, एकदा मळ्यातल्या मोटरची उरलेली तार. ओळखा."

देवरावभाऊंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्यांच्या पोरीसाठी एखादं भलतंच स्थळ सुचवलं. पण माघार घेणारा तो माणूस नव्हे. रविवारी सकाळी परीक्षा ठरली. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, दारात मेथी निवडत बसल्या होत्या. "तू बी आयक वं," देवरावभाऊ हातवारे करत मोठ्यानं म्हणाले, "तुहा कान बी चांगला हाय." वहिनी हसल्या आणि त्यांनी टोपली जवळ ओढली.

देवरावभाऊंच्या डोळ्यांवर मी त्यांचाच दुपट्टा बांधला. एक साधं भजन निवडलं. आधी मोटरची तार लावली.

काही ओळी झाल्या आणि देवरावभाऊंचा चेहरा खुलला. "हे! हे आपली! झांजेचा आवाज कसा हवेत लटकून राह्यला, पाह्यलं?"

 मग त्यांची मखमलीतली तार लावली.

"भसाडी," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "हे मोटरची. गानाऱ्याले पडसं झाल्यावानी वाटते."

मला हसू आवरेना. खरं सांगतो, त्या क्षणी मी शाळेत जाऊन हे कोणाकोणाला सांगायचं याचा विचार करत होतो. तिसऱ्या फेरीसाठी अॅम्प्लिफायर बंद केला, तार बदलली, स्क्रू आवळले आणि कपाळाचा घाम पुसायला बाजूला झालो. अॅम्प्लिफायर अजून बंदच होता. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "हाओ, आता लई साफ हाय! एकेक शब्द कयते."

मी वळून पाहिलं. मी बाजूला सरकलो हे पाहून त्यांना गाणं सुरू झालंसं वाटलं होतं. त्या मान डोलवत होत्या आणि मेथीच्या टोपलीवर बोटांनी ताल धरत होत्या. ताल अगदी बरोबर होता. गाणं मात्र नव्हतं.

माझा हात तसाच कपाळावर राहिला.  डोळे बांधलेले देवरावभाऊ खुर्चीत स्थिर बसले होते. त्यांना तर सगळ्यात आधी कळलं असणार की काही वाजत नाही. मग त्यांनी दाराच्या दिशेनं तोंड वळवलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "हाओ वं! आता खरा खुलला आवाज!"

आणि तेही मान डोलवू लागले.

मी हळूच बटण दाबलं. भजन सुरू झालं. परीक्षा तिथंच संपली, निकाल कोणीच विचारला नाही.

मला फाटकापर्यंत सोडायला ते आले. दुपट्टा आता खांद्यावर होता.

"तांबं ते तांबं, हे मले बी समजते सर," ते म्हणाले. "पन तुमची वहिनी म्हने, आवाज दबून येते, शब्द लागत नाई. मले वाटलं मशीनच खराब असन. पह्यली तार आनली तं म्हने, आता आला शब्द. मंग वाटलं, याच्याहून चांगली आनली तं अजून येईन."

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"दिवाळीत." ते फाटकाच्या कडीशी खेळत राहिले. "तिचं भजनी मंडळ आलतं घरी. तिच्यावानी खंजिरी पुऱ्या कारंज्यात कोनी वाजवत नाई. बाया गाऊन थांबल्या आन हे एकटीच वाजवत राह्यली. बाया हसल्या. तवापासून मंडळात गेली नाई. गुडघे दुखते म्हन्ते."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"वर्ध्याले नेलतं ना. कानात लावाची मशीन घ्या म्हने. हे तयार नाई. मले म्हने, ते लावून मी बाजारात बसू काय? बाया बहिरी म्हनतीन." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "म्हून मंग म्या तारच आनत राह्यलो. खोकं आलं का ती खुश होते. आन साफ आयकू येते म्हने, तं मी खुश होतो."

मी घरी आलो. शाळेत सांगायची गोष्ट कोणालाच सांगितली नाही.

पुढे काही दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. मग एका सकाळी देवरावभाऊ अंगणात दिसले आणि मी पाहतच राहिलो. त्यांच्या उजव्या कानात कातडीच्या रंगाचं यंत्र होतं.

"हे काय?"

त्यांनी घराकडे पाहिलं आणि मला कोपऱ्यात ओढलं. "खाली हाय आतून, मशीनच नाई. नमुन्याचा डब्बा. डॉक्टरले हातापाया पडून मागून आनला. तिले सांगतलं, मले बी आता कमी आयकू येते. एकट्यानं लावाले मले लाज वाटते, तू बी लाव. तं लावलं ना बापा तिनं!"

"आणि मग?"

"मंग काय! पह्यल्याच दिवशी म्हने, अजी, इतक्या जोरानं काऊन लावता, लोकं झोपतीन का नाई? आवाज अर्ध्यावर आनला तिनं."

ती महागडी तार त्यांनी नागपूरच्या कोणा शौकिनाला विकून टाकली. वहिनींच्या यंत्राला तो पैसा कामी आला. आता स्पीकरला मोटरची तार आहे आणि वहिनी पुन्हा खंजिरी घेऊन मंडळात जातात.

मागच्या बाजाराला मी तळेगावला गेलो होतो. दोघं शेजारी शेजारी बसले होते, पुढे वांग्यांचा ढीग. एका गिऱ्हाइकानं भाव विचारला. ट्रकचा पट्टा ओळखणाऱ्या त्या माणसानं कानामागे हात धरला, भर बाजारात तोंड पुढे केलं आणि म्हणाला, "काय म्हनता? जरा जोरानं बोला ना भाऊ."

सुमनवहिनींनी त्यांच्या हातातून तराजू घेतला.

"त्याईले कमी आयकू येते," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "मले सांगा, काय पाह्यजे?"